थांबा लिहिलेला पुठ्ठा

तो पुठ्ठा मीच कापून दिला होता. तीन थरांचा, पोस्टकार्डाएवढा, हाताला लागू नये म्हणून कडा घासलेला. चिंचपोकळीला माझा खोकी बनवायचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे दोन गाळे, तीन मशिनं आणि वर एक पोटमाळा. मिठाईवाल्यापासून गाड्यांचे पार्ट विकणाऱ्यापर्यंत ज्याला जे माप हवं ते मी देतो, आणि भावात मला कोणी हरवल्याचं आठवत नाही. त्या पुठ्ठ्यावर माझ्या बहिणीने जाड मार्करने 'थांबा' असं लिहिलं आणि तो टेबलाच्या मधोमध ठेवला.

"कोणीही याच्यावर हात ठेवला की चालू असेल ते तिथंच थांबवायचं," ती मला म्हणाली. "का ठेवला, ते विचारायचं नाही."

"कारण न देता?"

"कारण न देता."

"मग धंदा कसा व्हायचा," मी म्हणालो. सगळे हसले. मीही हसलो.

बहीण माझ्याहून अकरा वर्षांनी लहान आहे. ती आणि तिचे दोन सोबती रविवारी दुपारी एक खेळ खेळतात. एक जण गोष्ट सांगतो, त्याला ते सूत्रधार म्हणतात. बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक माणूस होतात आणि आपला माणूस काय बोलतो, काय करतो ते सांगतात. जमेल की नाही अशी शंका आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा आला तर जमलं, लहान आला तर फजिती. एकच गोष्ट महिनोन्‌महिने चालते. हे सगळं ते रेकॉर्ड करून आपल्या चॅनेलवर टाकतात. दुसरे खेळतात ते तासन्‌तास बघायचं, यात लोकांना काय मिळतं ते मला कळत नव्हतं. मग आठवलं की शिवाजी पार्कात नेटच्या मागे उभं राहून, ओळख ना पाळख अशा पोरांची बॅटिंग बघत मी स्वतः अर्धे अर्धे रविवार घालवले आहेत.

सूत्रधार गिरगावात राहतो, एका कॉलेजच्या लायब्ररीत नोकरीला आहे. आधी ते त्याच्या खोलीत रेकॉर्डिंग करायचे. पण चाळीत दुपारीही शांतता नसते. राक्षस गुहेतून बाहेर येतोय आणि शेजारच्यांच्या कुकरची तिसरी शिट्टी झाली, असे त्यांचे बरेच भाग आहेत. तेव्हा बहिणीला माझा पोटमाळा आठवला. तिथे अजून न जोडलेल्या, सपाट खोक्यांच्या थप्प्या जमिनीपासून छतापर्यंत लावलेल्या असतात, आणि पुठ्ठा आवाज पिऊन टाकतो. रविवारी मशिनंही बंद. तिघं जागा बघायला आले. सूत्रधाराने मधोमध उभं राहून टाळी वाजवली. टाळी जागच्या जागी मेली. त्याचा चेहरा असा खुलला की मला कळलं, हा आता वाटेल त्या अटीला हो म्हणणार.

"भाडं किती घ्याल, दादा?" त्याने विचारलं.

"भाडं नको. मला खुर्ची हवी. मीपण खेळणार."

"दादा, तुला यातलं काही आवडणार नाही," बहीण म्हणाली.

"आवडायचं नंतर बघू. जागा माझी, एक खुर्ची माझी."

तिने सूत्रधाराकडे बघितलं. ती नजर मी तेव्हा पाहिली होती आणि तिचा अर्थही मला लागला होता. तिच्या आयुष्यात मी हात न लावलेली एवढी एकच गोष्ट होती, आणि मी तिथे खुर्ची मागत होतो. समोरचा अडलेला असताना मागायचं, हे मी सतराव्या वर्षापासून करत आलोय. मी मागितली आणि मला मिळाली.

मी मिठाचा व्यापारी झालो. सूत्रधाराने जी दुनिया रचली होती तीत सात बेटं होती, मधे खाड्या, आणि एकेका बेटावरचा दिवा विझत चालला होता. बहीण त्यात वैदीण होती, जखमा शिवणारी. दादरची एक मुलगी बँकेत काम करते, तीच रेकॉर्डिंग आणि काटछाट बघते; ती चोरटी झाली होती. मी प्रत्येकाशी घासाघीस करायचो. नावाड्याशी, पुजाऱ्याशी, एकदा तर खुद्द खाडीतल्या राक्षसाशी. चार माणसं मागत होता, मी त्याला दोन बोकडांवर आणला. फाशाचंही तेच.

"एकोणीस आलेत. वीस धर की."

"फाशाशी भाव होत नाही, शेठ," सूत्रधार म्हणायचा.

"एका आकड्याने तुझी बेटं बुडणारेत का?"

"शेठ, तुम्ही स्मशानात पण लाकडाचा भाव कराल," बँकवाली म्हणायची.

"केलाय," मी म्हणालो. हसताना बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बघणाऱ्यांना मीठवाला आवडायला लागला. आणि खरं सांगायचं तर त्या चार महिन्यांत आम्ही बहीणभाऊ जेवढं बोललो, तेवढं आधीच्या सहा वर्षांत बोललो नव्हतो. खेळ संपला की ती मागे थांबायची, खाली येऊन मशिनच्या स्टुलावर बसून चहा प्यायची आणि पुढच्या वेळी मीठवाल्याने काय करावं ते मला सांगायची.

आता सहा वर्षांचं सांगतो. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा मी बारावीत होतो. कॉलेज सोडलं, दुसऱ्याच्या कारखान्यात खोक्यांना पिना मारायला लागलो. बहिणीचं शिक्षण माझ्या हातून झालं. ते कोणी मला सांगितलं नव्हतं, मीच केलं, आणि ती हुशार निघाली याचा मला अभिमान होता. नोकरी लागून ती बंगलोरला गेली. मग लालबागच्या घरी आई आजारी पडली. आठ महिने. कूस बदलणं, पेज भरवणं, रात्रीचं उठणं, सगळं मी आणि एक बाई. बहीण फोन करायची, पैसे पाठवायची, आणि शेवटचे दोन दिवस आली. ती आली आणि दुसऱ्या पहाटे आई गेली. आमची मालवणची मावशी तिच्या गळ्यात पडून म्हणाली, "तुझ्यासाठी जीव धरून होती गो ती." मी दारात उभा होतो. आठ महिने मी तिच्या उशाशी होतो आणि ती जीव धरून होती दुसऱ्या कोणासाठी.

वर्षभरात बहीण बदली घेऊन मुंबईला परत आली, तरी हे मी तिला किंवा कोणालाच बोललो नाही. बहिणीने एकदा म्हणावं, दादा, तू केलंस, एवढंच मला हवं होतं. तिने म्हटलं नाही. मी मागितलं नाही. धंद्यात एका रुपयासाठी मी आवाज चढवतो, पण हे मागायला माझी जीभ उचलली नाही. सहा वर्षं ते आत ठेवलं आणि ते आतल्या आत वाढत राहिलं.

हे सगळं बाहेर आलं त्या रविवारच्या आधी आईचं श्राद्ध झालं. बहीण फुलं घेऊन आली, जेवली, ऑफिसचं काम होतं म्हणून तीनला निघाली. मी वडे वाढत होतो तेव्हा मावशीने पुन्हा तेच वाक्य काढलं, त्याच शब्दांत. पंगतीतल्या सगळ्यांनी माना हलवल्या.

रविवारी सूत्रधार म्हणाला, "भरती यायच्या आत वैदिणीला विझलेल्या दिव्याच्या बेटावर पोचायचंय. बोट एकच आहे, मीठवाल्याची. ठरवा तुमचं तुम्ही." एवढं बोलून तो नकाशावर वाकला आणि भरतीच्या वेळा मांडायला लागला. असे प्रसंग आमच्या दोघांवर सोडून द्यायची त्याची पद्धत होती. बँकवाली लॅपटॉपमध्ये बघत होती. कॅमेरा वरून टेबलावर लावलेला असतो. त्यात फासे, नकाशा आणि आमचे हात दिसतात, तोंडं दिसत नाहीत.

"शेठ, तुमच्या दोन जखमा फुकट शिवल्यात मी," बहीण वैदिणीच्या आवाजात म्हणाली.

"त्या धरूनच भाव सांगतोय."

"सांगा."

"पैसे नकोत. एका गोष्टीचं उत्तर दे. आपल्या गावात साथ आली तेव्हा वैदीण कुठे होती?"

आमच्या गोष्टीत साथ आलीच नव्हती. मी ती तिथल्या तिथे आणली. या खेळात ते चालतं, उलट कोणी पदरचं काही घातलं तर कौतुक होतं.

"शिकायला गेले होते. समुद्रापार," ती म्हणाली. अजून हसऱ्या आवाजात.

"आणि तुझी म्हातारी?"

तिने समोरचा फासा उचलून बाजूला ठेवला.

"माझ्या पडवीत होती. आठ महिने. तिची कूस कोण बदलत होतं? हा मीठ विकणारा माणूस. पेज कोण भरवत होतं? तू आलीस शेवटचे दोन दिवस. आणि गाव म्हणालं, लेकीसाठी जीव धरून होती."

तिने पुठ्ठ्यावर हात ठेवला.

मला दिसला. हे मी स्वच्छ लिहून ठेवतो, कारण पुढे बरेच दिवस मी स्वतःला सांगत होतो की दिसला नाही. बाजारात गिऱ्हाईक उठतं, पिशवी उचलतं, 'राहू द्या' म्हणतं आणि चालायला लागतं. नवखा दुकानदार घाबरून भाव पाडतो. जुना माणूस गप्प राहतो, कारण तिसऱ्या पावलाला गिऱ्हाईक मागे बघणार हे त्याला माहीत असतं. माझ्यासमोर 'नको' म्हणणारा प्रत्येक माणूस मी असाच बघितलाय. नको म्हणजे अजून ठरलेलं नाही. बहिणीचा हात 'थांबा'वर आला आणि माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हा, की भाव जवळ आलाय.

"हात काढ," मी म्हणालो. "उठलेलं गिऱ्हाईक मला कळतं."

"दादा," ती म्हणाली. हळू. हा वैदिणीचा आवाज नव्हता.

"मी भाव सांगितलाय. बोट हवी की नको?"

त्या माळ्यावर कोणी बोलत नसलं की कान दुखतात, इतकी शांतता असते.

"काय ऐकायचंय तुम्हाला, शेठ?"

"तुला माहितेय."

"तुम्ही केलंत," ती म्हणाली, पुन्हा वैदिणीच्या आवाजात, पण त्यातला सूर निघून गेला होता. "सगळं तुम्हीच केलंत. मी नव्हते."

सहा वर्षं मी या वाक्याची वाट बघितली होती. मी टेबलावरून हात पुढे केला आणि म्हणालो, "सौदा पक्का." तिने हात मिळवला नाही. तिचा हात पुठ्ठ्यावर होता.

सूत्रधाराने नकाशातून मान वर केली, तो हात पाहिला आणि एकदम म्हणाला, "थांबूया." ती म्हणाली, "नको, झालं आता." फासे गोळा केले, पिशवीत भरले. त्या दिवशी चहाला खाली आली नाही.

पुढच्या रविवारी तिला ऑफिसचं काम निघालं. त्याच्या पुढच्याही. मधल्या काळात तो भाग चॅनेलवर आला. बँकवालीने 'हात काढ' आणि 'दादा' ही दोन्ही वाक्यं कापली होती. मी गमतीत खेळाबाहेर बोललो असं तिला वाटलं होतं. उरलेलं ऐकलं तर दोन कसलेले नट एकमेकांसमोर उभे आहेत असं वाटावं. सौद्याचा तेवढाच तुकडा लोकांच्या मोबाईलवर फिरायला लागला. लोक लिहीत होते की मीठवाल्याने रडवलं. शाई पुरवणारा माणूस माझ्याकडे आला तेव्हा त्याने मोबाईल काढून मलाच तो दाखवला. "हा आवाज तुमचाच ना, शेठ? काय काम केलंय." मी म्हणालो, "थोडंफार जमतं," आणि त्याला चहा मागवला. तीन आठवडे मी असा वागलो. बहिणीचा फोन नाही, तिची खुर्ची रिकामी, आणि मी अनोळखी लोकांची वाहवा वाचत मशिनशेजारी बसलेला. ते आठवलं की मला सगळ्यात जास्त लाज वाटते, त्या दुपारच्या बोलण्यापेक्षाही जास्त. बोलताना माझं डोकं फिरलेलं होतं. या तीन आठवड्यांत ते ठिकाणावर होतं.

मग एका संध्याकाळी त्या ढिगात कोणीतरी लिहिलेली एक ओळ दिसली. 'वैदिणीचा हात थांबावर आहे. शेवटपर्यंत.' एवढीच. पुढे ना प्रश्न, ना शिवी. मी तो तुकडा पुन्हा लावला आणि आवाज बंद करून फक्त हात बघितले. माझे हात सारखे हलत होते, बोटं मोजत होती, तळवे उघडत होते, अगदी मी गिऱ्हाइकासमोर करतो तसे. तिचा एक हात पुठ्ठ्यावर पालथा, आणि तो पूर्ण वेळ तसाच.

आधी मी भडकलो. बँकवालीला फोन करून ओरडलो की तू माझी वाक्यं कापलीस का.

ती शांतपणे म्हणाली, "शेठ, कापली म्हणून तुम्ही लोकांना आवडताय. मूळ रेकॉर्डिंग पाठवू?"

तिने पाठवलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, माणसं बाहेर गेल्यावर, मी माळ्यावर जाऊन ते ऐकलं. 'हात काढ' म्हणताना माझ्या आवाजात राग नव्हता. मजा होती. आणि त्यावर तिचं ते 'दादा'. खेळात ती मला शेठच म्हणायची, चार महिन्यांत एकदाही चुकली नव्हती. त्या एका शब्दात तिने मला खेळातून बाहेर बोलावलं होतं. मी ते तेव्हाही ऐकलं होतं.

शनिवारी सकाळी ती शिवाजी पार्कात चालायला जाते हे मला माहीत होतं. मी कट्ट्यावर बसून राहिलो. तिसऱ्या फेरीला ती थांबली.

"किती वेळ बसलायस?"

"आत्ताच आलो."

"खोटं. पहिल्या फेरीलाच दिसलास." ती बसली, पण मधे एका माणसाची जागा सोडून.

मी तयारी करून गेलो होतो. म्हणालो, "मी खेळ सोडतो. तुकडा काढायला सांगतो. माळा कायमचा तुमचा. तू परत जा खेळायला."

तिने बाटलीचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "आणि त्याच्या बदल्यात?"

"बदल्यात काही नाही."

"दादा, तू चार गोष्टी एका दमात मांडल्यास. हा सौदाच झाला."

मला राग आला. माफी मागायला आलेल्या माणसाला असं बोलतात का, असं तोंडावर आलं होतं. समोर नेटमध्ये कोणीतरी चेंडू सोडला, तो मागच्या जाळीत गेला, तेवढ्यात मी ते गिळलं.

"तुकडा काढू नका," ती म्हणाली. "सूत्रधाराने त्या गोष्टीवर दोन वर्षं घातलीत. त्याचा काय दोष." मग थोड्या वेळाने, "तुला माहितेय, मी ते वाक्य तुला म्हणणार होते? श्राद्धाच्या दिवशी. म्हणूनच लवकर आले होते. तू सगळा वेळ वाढण्यात. मग मावशीने तोंड उघडलं आणि तुझा चेहरा बघून मला धीर झाला नाही."

मी कट्ट्यावरचं एक वाळकं पान उचलून दुमडायला लागलो.

"आता ते म्हणता येणार नाही," ती म्हणाली. "म्हटलं तरी तुला वाटेल तू काढून घेतलंस. मलाही तेच वाटेल."

"मी चुकलो," मी म्हणालो. पुढे आणखी काही जोडायची इतकी सवय आहे की गप्प बसायला जोर लावावा लागला.

"हो," ती म्हणाली, आणि उठून चौथ्या फेरीला गेली.

मी सूत्रधाराला माळ्याची किल्ली दिली आणि सांगितलं की मी खेळणार नाही. तो म्हणाला, "चूक माझीपण आहे, दादा. मी मान वर ठेवायला हवी होती." मी म्हटलं, तुझी नाही. पुढच्या रविवारी दुपारी मी शटर अर्धं उघडून खाली बसलो होतो, पुठ्ठा कापायच्या जुन्या डायवरचा गंज काढत. आधी बँकवाली आली, मग सूत्रधार. मग बहीण. ती मला ओलांडून जिन्याकडे गेली, पहिल्या पायरीवर थांबून म्हणाली, "वरचा पंखा आवाज करतो अजून?"

"तेल घातलंय."

ती वर गेली.

वरून काहीच ऐकू आलं नाही. थप्प्या मीच लावल्या होत्या, मधे फट राहू दिली नव्हती. ती बोलते आहे की गप्प आहे, हसते आहे की नाही, काही कळायला मार्ग नव्हता. ते वाक्य मला अजूनही हवं आहे, हेही इथे सांगायला हवं. नाही म्हणालो तर तो खोटेपणा होईल. जिन्यापर्यंत दोनदा जाऊन मी परत आलो.

तासाभराने बँकवाली पाणी घ्यायला खाली आली.

"शेठ, तुमच्या मीठवाल्याचं काय करायचं ते ठरवत होतो. मी म्हटलं, बुडवून टाकू खाडीत."

"मग?"

"वैदीण म्हणाली, मारायचं नाही. एका बेटावर उतरवलाय त्याला. बोट ते लोक घेऊन गेले."

किती दिवसांसाठी, हे माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. मी माठातून बाटली भरली आणि तिच्या हातात दिली.